खलाशीचा खोकला

गुरुवारी दुपारी सागरनाथ बुवांनी कुत्र्याच्या घशातून मंगळसूत्राचे मणी काढले, तेव्हा नाटे गावच्या बंदरावर निदान तीनशे माणसं होती. मासळीचा लिलाव आटोपला होता. बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून काहीजण ओढून ठेवलेल्या होड्यांवर चढून उभे होते. निळ्या ताडपत्रीच्या मांडवात धूप, सुकटीचा वास आणि माणसांचा घाम एकत्र झाला होता.

बुवा महिनाभरापूर्वी आले होते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात शंख. हिमालयात बारा वर्षं समुद्राची साधना केली असं ते सांगत. हिमालयात समुद्र कुठला, हे विचारायचं तीनशे माणसांत कोणाला सुचलं नाही.

"आम्ही औषध देत नाही," बुवा म्हणत होते. "औषध दुकानात मिळतं. आम्ही कारण काढतो. सात समुद्र, सतरा खाड्या आमच्या कानात बोलतात. खोकला म्हणजे काय? आत अडकलेला शब्द. तो शब्द बाहेर आला की खोकला गेला."

त्यांच्यासमोर जानू डोर्लेकर गुडघ्यांवर बसला होता. त्याने आपल्या कुत्र्याचा, खलाशीचा, जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला होता. खलाशी थरथरत होता, पण हात जानूचे होते म्हणून निमूट उभा होता. मधेच त्याला उबळ आली.

बुवांनी डोळे मिटले. "बोल, माउली. नवऱ्याची भेट झाली नाही ना तुझी? म्हणून ह्या मुक्या जिवाच्या गळ्यात येऊन बसलीस."

आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कुत्रं चावू नये म्हणून बुवांनी उजव्या हाताला ओलं लाल फडकं गुंडाळलं, हात खलाशीच्या तोंडात घातला, काहीतरी पुटपुटले आणि झटक्यात बाहेर काढला. मूठ उघडली. आत लाळेने माखलेले सात काळे मणी होते आणि लांब केसांची एक गुंतवळ.

"हिच्या गळ्यातलं," बुवा म्हणाले. "घे."

जानूने ओंजळ पुढे केली. सभोवार माणसं हात जोडत होती, कोणी मोबाइल उंच धरून चित्रण करत होतं. जानूला त्यातलं काही दिसलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला कमळेची, त्याच्या बायकोची, खूण हातात दिली होती.

तसा जानू भोळा माणूस नव्हता. चाळीस वर्षं तो तांडेल होता, बोटीवरच्या दहा खलाशांचा जीव त्याच्या भरवशावर असायचा. एवढ्या वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून त्याने नांगर उचलला नव्हता. स्वतः आभाळ बघायचा, पाण्याचा रंग बघायचा, वाऱ्याकडे गाल करून उभा राहायचा आणि मग काय ते ठरवायचा.

पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. दोन दिवस बोट वाहत राहिली. त्याच दोन दिवसांत त्याची बायको कमळा रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यूमोनियाने गेली. जानू बंदराला लागला तेव्हा सगळं उरकलं होतं. लेक राही त्याला काही सांगायला गेली तर तो हात वर करून म्हणाला, "नको बाय. आता नको." ते 'आता' कधी संपलंच नाही. राही राजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तिथेच राहायची. ती शनिवार-रविवारी यायची, स्वयंपाक करायची, घर झाडायची आणि आईचा विषय न काढता सोमवारच्या पहिल्या गाडीने परत जायची.

जानूने समुद्र सोडला. घरात तो आणि खलाशी. तांबूस रंगाचं, एक कान पांढरा असलेलं ते पिल्लू कमळेने बंदरावर मासळीच्या क्रेटमधून उचलून आणलं होतं. जानू म्हणाला होता, पोसायला माणसं कमी आहेत का. कमळा म्हणाली होती, तुमच्या बोटीवर एक खलाशी कमीच असतो नेहमी. तेच नाव राहिलं. ती गेल्यावर सकाळची पेज जानू दोन भांड्यांत ओतायचा आणि दोघं पडवीत बसून खायचे. दिवसभरात जानू जे काही बोलायचा ते त्या कुत्र्याशीच.

पौषातल्या थंडीत खलाशीला खोकला झाला. कोरडा, ठसक्याचा. घशात काटा अडकल्यासारखा मान लांब करून खोकायचा, शेवटी थोडा पांढरा फेस टाकायचा आणि लगेच शेपूट हलवत भांड्याकडे वळायचा. राहीने फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं, राजापूरच्या जनावरांच्या डॉक्टर नेत्रा यांना विचारलं आणि परत फोन केला.

"बाबा, घाबरायचं काही नाही. माणसाला सर्दी-खोकला होतो तसाच हा, एका कुत्र्याचा दुसऱ्याला होतो. त्याच्या गळ्यातला पट्टा काढा, घशावर दाब नको. चमचाभर मध कोमट पाण्यात कालवून पुढे ठेवा, त्याचा त्याला चाटू दे. न्हाणीत गरम पाण्याची वाफ कोंडा आणि दहा मिनिटं त्याला घेऊन तिथे बसा. पाण्यापासून लांब, भाजायला नको. चुलीच्या धुराजवळ फिरकू देऊ नका. पळवू नका. खातोय-पितोय ना?"

"खातोय की."

"मग आठ-दहा दिवसांत जाईल. खायचं सोडलं, धाप लागली, तर मात्र लगेच घेऊन या."

जानूने सगळं केलं. रोज संध्याकाळी तो न्हाणीत पाटावर बसायचा, खलाशी त्याच्या मांडीवर डोकं ठेवायचा, आणि वाफेत दोघं गप्प बसून राहायचे. चार दिवसांत खोकला कमी झाला. पण गेला नाही.

शेजारची सोनूबाई खळ्यात सुकट पसरता पसरता ते ऐकत होती. म्हणाली, "जानूदादा, मधाने काय होतंय? हा साधा खोकला नाय. कमळा शेवटी शेवटी अशीच खोकत व्हती. आठवतोय ना आवाज?"

जानूला आठवत होता. त्या रात्री खलाशी खोकला आणि जानू अंथरुणात उठून बसला. आवाज तोच वाटला. सांगायला गेलं तर कुत्र्याचा खोकला आणि माणसाचा खोकला ह्यात किती फरक असतो, पण ज्याला दोन वर्षं कान देऊन ऐकायचं आहे त्याला काहीही ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तो सोनूबाईबरोबर मांडवात गेला.

बुवांनी मणी काढल्यावर पुढचे तीन दिवस करायचं ते सांगितलं. दारं-खिडक्या लावून सकाळ-संध्याकाळ सुक्या मिरच्या, मोहरी आणि गुग्गुळाची धुरी द्यायची. गळ्यात मंतरलेला काळा दोरा करकचून बांधायचा. बाटलीतलं तीर्थ वाटीभर पाजायचं. मध, वाफ सगळं बंद. "आणि साधं पाणी द्यायचं नाही. तहानेने ती वर येते. तिसऱ्या दिवशी बोलेल तुझ्याशी."

"काय बोलेल?"

"ते तुमच्या दोघांतलं."

शुक्रवारी सकाळी जानूने दार लावलं, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. खलाशी दारापाशी जाऊन नखांनी फळी ओरबाडू लागला. जानूने त्याला ओढून जवळ घेतलं, तोंड वर केलं आणि तीर्थ ओतलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याने बोटं तोडली असती. जानू होता म्हणून तो ठसकत, गुदमरत गिळत राहिला. थोड्या वेळाने तो शांत झाला. खोकला थांबला. डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात पडून राहिला.

जानूला वाटलं, उतार पडला.

शनिवारी शाळेच्या कामामुळे राही येऊ शकली नाही, तिचा फोन आला. "काय म्हणतोय खलाशी?"

"बरा हाय."

"खोकत नाही?"

"नाय. झोपलाय."

बुवांबद्दल तो काही बोलला नाही. लेक रागावेल हे त्याला ठाऊक होतं. फोन ठेवून त्याने परत धुरी पेटवली, आणि धुराने डोळ्यांतून पाणी गळत असताना कुत्र्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"काय सांगायचंय गो तुला?" तो म्हणाला. "मी हाय इथे. बोल."

खलाशीने डोळे उघडले नाहीत. आवाज ओळखून शेपटी एकदा जमिनीवर आपटली, बस.

रविवारी सकाळी राजापुरात एका पालकाने राहीला चित्रफीत पाठवली. 'बाई, हा चमत्कार तुमच्या गावचा ना?' राहीने पाहिलं, आणि चित्रात मांडव, फडकं, मणी ह्या सगळ्याआधी तिला वडलांची ओंजळ दिसली. दुपारी ती घरी पोचली तेव्हा दार बंद होतं आणि फटींतून धूर येत होता. तिने दार ढकललं. ती आधी खोकली, मग तिला खलाशी दिसला. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. हिरड्या करड्या-निळ्या पडल्या होत्या. दोरा गळ्यात रुतला होता.

तिने सुरीने दोरा कापला, गोधडीत खलाशीला गुंडाळलं आणि शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली.

राजापूरला डॉक्टर नेत्रांनी रविवार असूनही दवाखाना उघडला. प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली, छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. डोळ्यांच्या बाहुल्या बत्तीने बघितल्या.

"ह्याला झोपेचं काहीतरी दिलंय," त्या म्हणाल्या. "काय पाजत होता, काका?"

"तीर्थ."

"कसं?"

जानूने हाताने करून दाखवलं. जबडा असा धरायचा, मान अशी वर.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "काका, खोकला हा राखणदार असतो. चुकून काही श्वासनळीत गेलं तर तोच बाहेर ढकलतो. झोपेच्या औषधाने तो राखणदार झोपला. खोकला बरा नव्हता झाला, नुसता गप्प झाला होता. आणि वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात गेलं. त्यात तीन दिवसांचा धूर. प्यायला पाणी नाही."

"आणि ती?" जानूने विचारलं. "त्याच्या गळ्यात ती व्हती ती?"

डॉक्टरांना कळलं नाही. राहीला कळलं. तिने तोंड फिरवलं.

"बंदरावरची बाकीची कुत्री खोकतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"खोकतात. जेटीवरची सगळी खोकतात."

"मग त्यांचाच लागला होता ह्याला."

दिवेलागणीच्या सुमाराला खलाशीचा श्वास लांबत लांबत गेला. जानूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, न्हाणीत घ्यायचा तसंच. शेवटचा श्वास कधी झाला ते त्याला समजलं नाही. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा समजलं.

सोमवारी राहीने रजा टाकली. घरामागे जांभ्या दगडाची जमीन, पहारीने खड्डा करायला दोघांना सकाळ गेली. माती सारून झाल्यावर जानू तिथेच दगडावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "बाय, शेवटी ती काय बोलली गो?"

राही हातातली पहार भिंतीला टेकवून त्याच्याजवळ येऊन बसली. "काही नाही, बाबा. झोपेतच गेली. त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी शुद्धीवर होती. म्हणाली, बाबांना सांग, सुके बांगडे माळ्यावर डब्यात ठेवलेत, झाकण घट्ट आहे, नाहीतर शोधत बसतील."

"एवढाच निरोप?"

"हो. आणि म्हणाली, इंजिन बंद पडलं असेल, दुसरं काही नाही. ते येतील. तिला तुमची काळजी नव्हती, बाबा. तुम्ही येणार हे तिला माहीत होतं." राहीने पदराने डोळे पुसले. "तिचं मंगळसूत्र माझ्या कपाटात आहे. अख्खं. दवाखान्यात नर्सबाईंनी काढून माझ्या हातात दिलं. तुम्ही विचाराल तेव्हा देईन म्हणून ठेवलं होतं."

जानूने खिशातून ते सात मणी काढले आणि बघत बसला. मग तो रडला. दोन वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलंही त्यात होतं. राही त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि दोघांतलं कोणीही कोणाला दोष दिला नाही.

गुरुवारी मांडव नेहमीपेक्षा जास्त भरला होता. चित्रफीत बघून खाडीपलीकडूनही माणसं आली होती. सगळ्यांत पुढे दम्याचा एक म्हातारा धापा टाकत बसला होता. जानू मागे येऊन बसला होता. राही रांगेत उभी राहिली. तिच्याबरोबर मासे विकणारी चिमा होती, आणि चिमाच्या हातात तिच्या बकरीचं दावं.

"कोणाला बाधा?" बुवांनी विचारलं.

"हिला," राही म्हणाली. "पण बुवा, आज मी काढून बघते. तुम्ही बसा."

लोक हसले. बुवा काही बोलायच्या आत राहीने पिशवीतून लाल फडकं काढलं, पाण्यात बुचकळलं, हाताला गुंडाळलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "सात समुद्र, सतरा खाड्या." मग बकरीच्या तोंडात हात घालून बाहेर काढला. तळहातावर एसटीचं तिकीट होतं. तिने ते मोठ्याने वाचलं, "राजापूर ते नाटे."

"चिमे, तुझी बकरी राजापूरला कधी गेलेली गो?" मागून कोणीतरी विचारलं, आणि मांडवभर हशा पिकला.

राही हसली नाही. तिने फडकं उलगडून सगळ्यांसमोर धरलं. बोटांच्या बेचक्यात येणाऱ्या घडीत तिने कापडाचाच लहान खिसा शिवला होता. "तिकीट आधीच इथे होतं. तोंडात हात नुसता नेऊन आणला. आता बुवांचं फडकं बघू या."

बुवांनी फडकं मांडीखाली सारलं. "हा गुरूचा प्रसाद आहे. विटाळ चालत नाही."

पण तोवर बायका पुढे सरकल्या होत्या, आणि लिलावात भाव करणाऱ्या बायकांपुढे कोणाचं चालत नाही. चिमाने फडकं ओढून घेतलं, चाचपलं. तसाच खिसा. त्यातून एक गंजका खिळा आणि पांढऱ्या केसांची गुंतवळ निघाली.

"हा कोणाच्या घशातला?" राहीने विचारलं. "आज अजून कोणीच तोंड उघडलेलं नाही."

दम्याच्या म्हाताऱ्याने आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, बाजूच्या माणसाचा आधार घेऊन उठला आणि धापा टाकत मांडवाच्या बाहेर गेला.

राहीने सात मण्यांतला एक मणी चिमट्यात धरून बुवांच्याच निरांजनावर नेला. तो वितळून काळा थेंब झाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मग तिने डबीतून आईचं मंगळसूत्र काढलं. "ही माझ्या आईची पोत. काचेचे मणी, सगळे जागच्या जागी. बुवा, तुम्हाला माझ्या आईचं कोणी सांगितलं?"

सोनूबाई बुवांच्या मागे उभ्या असलेल्या चेल्याकडे टक लावून बघत होती. "हा तर अगरबत्तीवाला," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यात बुधवारी दारात आला व्हता, मांडवात तेव्हा दिसला नाय. घरात कोण कोण, कोण कशाने गेला, सगळा विचारत बसला. मीच सांगितलंय सगळा. जानूदादा, मीच रे." ती मटकन खाली बसली.

राहीने तीर्थाची बाटली उचलली, दोन वाट्या भरल्या आणि एक बुवांपुढे ठेवली, एक चेल्यापुढे. "प्या."

"तीर्थ भक्तांसाठी असतं," बुवा म्हणाले. "गुरूला वर्ज्य आहे."

"झोप येते म्हणून?"

बुवा उठून उभे राहिले. शाप, समुद्राचा कोप, निर्वंश असं बरंच काही बोलले. पण आवाजात आता शंखाचा जोर राहिला नव्हता, आणि माणसांनी वाट दिली नाही. राहीने सकाळीच पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती. शिपाई आले. आसनाखालच्या डब्यात त्यांना झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली.

लोक आता बुवांवर धावून जायला बघत होते. तेव्हा जानू उभा राहिला. चाळीस वर्षं भर वाऱ्यात हुकूम देणाऱ्याचा आवाज, त्याला ओरडावं लागलं नाही.

"मारू नका त्याला. पोलीस बघतील. मी काय सांगतोय ते ऐका," तो म्हणाला. "बुवाने हात घातला तो एकदा. तीर्थ मी पाजलं. दार मी लावलं. तो दार ओरबाडत व्हता तर मीच ओढून आत घेतला. बुवा तेव्हा माझ्या घरात नव्हता."

त्याने जेटीकडे बोट दाखवलं.

"जेटीवर सहा कुत्री खोकत व्हती. त्यांना कोणी मांडवात आणला नाय, कोणी धुरी दिली नाय. आज सकाळी मी मुद्दाम जाऊन बघितली. सहाच्या सहा बरी हायेत. गेला तो एकटा माझा, ज्याच्यावर जीव व्हता तो." त्याने राहीकडे बघितलं. "मला कमळेबद्दल विचारायचं व्हतं. लेक दर आठवड्याला घरात येत व्हती. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिला विचारायचा धीर नाय झाला, म्हणून मी ह्या बुवाला विचारलं. तुम्ही असं करू नका. ज्याला ठाऊक हाय त्याला विचारा. दुखलं तर डॉक्टरला, गेलेल्या माणसाचं घरच्यांना. आणि जो म्हणतो मला सगळा ठाऊक हाय, त्याला आधी सांगा, तुझ्या वाटीतलं तूच पी."

तो खाली बसला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. माणसं एकेक करून टोपल्या उचलून निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत ताडपत्री कोणीतरी उतरवून ठेवली.

पुढचे काही आठवडे जानू फारसा कोणाशी बोलला नाही. राही आता रविवारी आली की आईचा विषय निघायचा. कधी तिच्या हातच्या कालवणाचा, कधी तिच्या हट्टाचा. पेज मात्र त्याच्याकडून अजून दोन भांड्यांपुरती शिजायची. उरलेली तो जेटीवर नेऊन ओतायचा.

एके सकाळी चिमा पडवीशी येऊन उभी राहिली. पायाशी तिची काळी कुत्री होती. मान लांब करून ती कोरडी खोकली, तसा जानूने हातातला कोयता खाली ठेवला.

"जानूदादा," चिमा म्हणाली, "तुमच्याकडे यायचं म्हणजे जिवावर येतंय. पण विचारू कोणाला?"

जानू पायऱ्या उतरून आला. कुत्रीच्या हिरड्या ओठ वर करून बघितल्या, गुलाबी होत्या. छातीवर तळहात ठेवून श्वास बघितला. "खाते का?"

"खाते. काल तर माझा बांगडा पळवला."

"मग हिचा पट्टा काढ. चमचाभर मध कोमट पाण्यात ठेव, हिची ही चाटू दे. तोंड धरून काही ओतायचं नाय, पाणीसुद्धा नाय. न्हाणीत वाफ कर आणि दहा मिनिटं हिला घेऊन बस. चुलीजवळ निजवू नकोस. दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नकोस. पाणी सतत पुढे असू दे. आणि आठ-दहा दिवस वाट बघ. रोज थोडा थोडा कमी होईल, एकदम थांबणार नाय, घाबरू नकोस. खायची थांबली, धाप लागली, हिरड्या निळ्या दिसल्या, तर मला हाक मार. रात्र असो, दिवस असो, आपण राजापूरला जाऊ."

चिमाने सगळं लक्षात ठेवत मान डोलवली. तिला अजून काहीतरी मोठं असेल असं वाटत होतं. "बस, एवढाच?"

"एवढाच," जानू म्हणाला. "मलाही हेच सांगितलं व्हतं."